रक्ताचा रिपोर्ट आणि तोंडाचा कॅन्सर : आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलाचे वडील पालक सभेला आले आणि तोंडाला रुमाल लावून शेवटच्या बाकावर बसले. वय एक्केचाळीस, गॅरेजमध्ये काम. गुटखा-मावा कधीपासून, असं विचारलं तर म्हणाले, शाळेत होतो तेव्हापासून. डाव्या गालाच्या आतून जखम होती, दोन महिने झाले तरी भरत नव्हती. आम्ही म्हटलं, डॉक्टरांना दाखवून घ्या. ते हसले. "सर, टेस्ट किए ना. खून में तो कुछ निकलाच नहीं."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. एका लॅबचं 'कॅन्सर मार्कर पॅकेज' होतं. सीईए, एएफपी, पीएसए, सगळं नॉर्मल. तो कागद बघून आम्हीही गप्प बसलो. ही आमची चूक, ती इथे कबूल करतो.

पुढे तीन महिने गेले. मानेत गाठ हाताला लागली तेव्हा घरचे घाबरले. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जननी जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला.

मग दुसरा कागद आला, ऑपरेशनच्या आधीचा सीबीसी. मुलाच्या चाचांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज वाचून हिशेब केला होता. न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १३, भागाकार ६. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, इसमें लिखा है पाँच के ऊपर गया तो आदमी बचता नहीं. फिर जमीन बेच के क्या फायदा?"

एका घरात दोन कागद आले. पहिल्याने खोटा दिलासा दिला, दुसऱ्याने माणूस जिवंत असतानाच उमेद संपवली. त्यानंतर आम्ही हा विषय समजून घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांना विचारलं, जे वाचता आलं ते वाचलं. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण जे समजलं ते साध्या भाषेत वाचकांपुढे ठेवणं गरजेचं वाटतं. कारण हा आजार आपल्या मोहल्ल्यात, आपल्या गल्लीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. पुरुषांमध्ये हा कॅन्सर आपल्याकडे पहिल्या क्रमांकावर आहे.

आधी प्रश्न वेगळे करू

डॉक्टर ज्याला 'हेड अँड नेक' कॅन्सर म्हणतात, त्यात तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, नाकाची मागची बाजू असे भाग येतात. मेंदूचा कॅन्सर त्यात येत नाही. या आजारात रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण एकाच कागदाला तीन वेगळे प्रश्न विचारतो आणि गोंधळ होतो.

पहिला प्रश्न : कॅन्सर आहे की नाही?
दुसरा प्रश्न : असेल तर पुढे काय होण्याची शक्यता आहे?
तिसरा प्रश्न : उपचार झेपेल का आणि आजार उलटला तर कळेल का?

प्रत्येक प्रश्नाला रक्ताचं उत्तर वेगळं आहे.

कॅन्सर आहे का, हे तुकडाच सांगतो

त्या पॅकेजमधला पीएसए हा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित. एएफपी मुख्यतः लिव्हरच्या कॅन्सरसाठी. सीईए जास्त करून आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णावर लक्ष ठेवायला वापरतात. गालातल्या जखमेशी या तिघांचा काही संबंध नाही. म्हणजे गणिताचा विद्यार्थी पास की नापास, हे बघायला इतिहासाचा पेपर तपासल्यासारखं झालं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये काही रुग्णांच्या रक्तात 'एससीसी अँटिजेन' नावाचा पदार्थ वाढतो. पण आजार लहान असताना तो अनेकदा नॉर्मल असतो आणि कॅन्सर नसलेल्या काही आजारांतही वाढतो. म्हणून त्याच्या भरवशावर कुणी निदान करत नाही.

तोंडाची गोष्ट तर किती सोपी आहे बघा. लिव्हर किंवा आतडं आत दडलेलं असतं. तोंड उघडलं की आजार डोळ्यांना दिसतो. बॅटरीच्या उजेडात बघायचं, बोटाने चाचपायचं, शंका आली तर तुकडा काढायचा. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती लोकांच्या मनात पक्की बसली आहे, पण तोंडाच्या कॅन्सरचं निदान जगभर याच पद्धतीने होतं. पसरतो तो उशीर केल्याने.

एनएलआर म्हणजे काय?

आता चाचांच्या भागाकाराकडे येऊ. सीबीसी म्हणजे रक्ताची साधी तपासणी. तिच्यात पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. न्यूट्रोफिल या पेशी जंतुसंसर्ग झाला, जखम झाली की आधी धावून जातात. लिम्फोसाइट या पेशी ओळख पटवून लढतात, कॅन्सरच्या पेशींशी लढण्यातही त्यांचा वाटा असतो. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की जो आकडा येतो त्याला एनएलआर म्हणतात. न्यूट्रोफिल ६०, लिम्फोसाइट ३० असेल तर एनएलआर २. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो.

गेल्या काही वर्षांत यावर बऱ्याच देशांत अभ्यास झाले. कॅन्सर वाढतो तेव्हा शरीरात एक प्रकारची धुसफूस, म्हणजे दाह, सुरू असतो. त्यात न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. हेड अँड नेक कॅन्सरच्या हजारो रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर असं दिसलं की ज्यांचा एनएलआर उपचाराआधी जास्त होता, त्यांच्या गटात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांचा भागाकार, सीआरपी, अल्ब्युमिन या आकड्यांवरही असेच अभ्यास झाले आहेत. तपासणी स्वस्त, तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी, म्हणून संशोधकांना तिच्यात रस आहे.

इथपर्यंत मेसेज खरा होता. घोटाळा पुढे आहे.

एक, 'जास्त' म्हणजे किती यावर एकमत नाही. एका अभ्यासाने रेघ २ च्या आसपास मारली, दुसऱ्याने ३ वर, तिसऱ्याने ५ वर. पाच ही काही सीमारेषा नाही.

दोन, हा आकडा कॅन्सरशिवायही वाढतो. दाढ किडून पू झाला, जखमेत जंतू गेले, ताप आला, डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड दिलं, तरी न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाइट खाली जातात. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचे दात आणि हिरड्या कशा असतात, हे वेगळं सांगायला नको.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. गटाची सरासरी एका माणसाला लावता येत नाही. आमच्या वर्गात रोज ट्यूशनला जाणाऱ्या मुलांचे मार्क सरासरीने जास्त येतात. पण समोर उभ्या असलेल्या एका मुलीला 'तू ट्यूशन लावली नाहीस, तू नापास होणार' असं कोणता शिक्षक सांगेल? तिच्यासारख्या कित्येक मुली पहिल्या वर्गात पास झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. एनएलआर जास्त असलेल्या गटातही उपचाराने बरे झालेले रुग्ण असतात. केवळ एनएलआर बघून ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत.

हजेरीपटाचा धडा

मग एक सवाल उरतो. आकडा वाईट असेल तर आकडाच सुधारला, तर माणूस वाचेल का? याचं उत्तर एका जुन्या आणि कडू अनुभवातून मिळालं.

हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांना रेडिएशनचा, म्हणजे लोक ज्याला 'शेक' म्हणतात त्याचा, गुण कमी येतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून दिसत होतं. कारणही पटण्यासारखं होतं. गाठीत ऑक्सिजन कमी पोचला की रेडिएशनचा परिणाम कमी होतो. मग असा विचार झाला की औषध देऊन हिमोग्लोबिन वाढवू. एरिथ्रोपोएटिन हे ते औषध. जर्मनीतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ३५१ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. औषध घेतलेल्या बहुतेकांचं हिमोग्लोबिन छान वाढलं. पण कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण त्यांच्यातच कमी निघालं. आकडा सुधारला आणि माणसाचं नुकसान झालं.

शिक्षकाला हे लगेच कळतं. हजेरी कमी असलेली मुलं जास्त नापास होतात, हे खरं. म्हणून कुणी हजेरीपटावर नुसती 'ह' भरली तर मूल पास होणार आहे का? हजेरी ही खूण आहे. मूल का येत नाही, घरी काय चाललंय, ते बघावं लागतं. रक्तातले हे आकडेही अशाच खुणा आहेत.

याचा अर्थ रक्त कमी असेल तर उपचार करू नयेत असा मुळीच नाही. का कमी आहे ते शोधून काय द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. पण 'एनएलआर कमी करणारा काढा', 'प्लेटलेट सुधारणारी पुडी' असं कुणी विकत असेल तर हात जोडून परत पाठवा.

ज्या आकड्यामागे ताट असतं

काही आकड्यांमागची खूण मात्र घरच्यांनी ओळखायला हवी. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन. ते साधारण ३.५ ते ५ असतं. ते कमी असलेल्या रुग्णांमध्ये ऑपरेशननंतर जखम भरायला त्रास आणि गुंतागुंत जास्त दिसते. अल्ब्युमिन दाहामुळेही उतरतं. पण तोंडाच्या रुग्णाच्या बाबतीत त्यामागे उपासमारही असते. गाल दुखतो, तोंड उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. मग माणूस चहात बिस्किट बुडवून दिवस काढतो. महिन्यात पँट ढिली होते आणि घरचे म्हणतात, टेन्शनमुळे झालं.

इथे आकड्याचा खरा उपयोग आहे. अल्ब्युमिन कमी, वजन उतरतंय असं दिसलं की आहारतज्ज्ञाला विचारा. पातळ डाळ, अंडं, दूध, दही, खिमा किंवा चिकन शिजवून मिक्सरमधून काढलेलं, जे गिळवेल ते थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले तर ती शेवटची अवस्था समजू नका. उपचार पार पडावेत म्हणून ती अन्नाची वाट आहे. रमजानमध्ये केमो किंवा रेडिएशन सुरू असेल तर रोज्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपल्याला माहीतच आहे. सिस्प्लॅटिनसारखी केमो सुरू असताना अंगात पाणी कमी पडलं तर किडनीला इजा होऊ शकते. क्रिएटिनिनची तपासणी वारंवार करतात ती याच कारणाने.

रेडिएशन संपल्यावरची एक तपासणीही ध्यानात ठेवा. मानेवर रेडिएशन घेतलेल्या अनेकांची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावते. थकवा, वजन वाढणं, थंडी वाजणं ही लक्षणं 'कॅन्सर परत आला' म्हणून घाबरवतात. टीएसएच ही साधी तपासणी सहा ते बारा महिन्यांनी केली तर हे कळतं आणि गोळीने बरं वाटतं.

जिथे रक्त नेमकं बोलतं

म्हणजे रक्तातून पुढचं काहीच कळत नाही का? कळतं, पण काही ठराविक कॅन्सरमध्ये.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारा एक कॅन्सर दक्षिण चीन आणि हाँगकाँगमध्ये जास्त आढळतो. आपल्या देशात तो नागालँडसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत दिसतो. तिथे या कॅन्सरच्या गाठीत बहुतेक वेळा एपस्टाइन-बार नावाचा विषाणू असतो. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. हाँगकाँगचे डॉ. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजायची पद्धत बसवली. त्यांनी ४० ते ६२ वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या २०,१७४ पुरुषांची तपासणी केली. २०१७ मध्ये आलेल्या निकालानुसार ३०९ जणांच्या रक्तात ही खूण दोनदा सापडली आणि त्यांतल्या ३४ जणांना कॅन्सर निघाला. सापडलेल्या कॅन्सरपैकी ७१ टक्के पहिल्या दोन टप्प्यांतले होते. एरवी हे प्रमाण २० टक्के असायचं. पण ३०९ पैकी ३४ हेही बघा. एवढ्या चांगल्या तपासणीतही खूण सापडलेल्या बहुतेकांना कॅन्सर नव्हता. नाकातून दुर्बीण घालून बघितल्यावरच नक्की झालं.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. तिथे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरमागे मोठ्या प्रमाणात एचपीव्ही विषाणू असतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशा ११५ रुग्णांचं उपचारानंतर ठराविक काळाने रक्त तपासलं. २०२० मध्ये निकाल आले. ८७ जणांच्या रक्तात विषाणूचा डीएनए एकदाही सापडला नाही आणि त्या काळात त्यांच्यापैकी कुणाचाही आजार उलटला नाही. १६ जणांच्या रक्तात तो लागोपाठ दोनदा सापडला आणि त्यांतल्या १५ जणांचा आजार उलटला.

हे दोन्ही जमलं कारण विषाणूचा डीएनए माणसाचा नसतो, तो ओळखू येतो. आपल्याकडचा गालाचा, जिभेचा कॅन्सर मुख्यतः तंबाखू आणि सुपारीने होतो. त्याच्यावर असा एकच शिक्का नसतो. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले बदल थोडे वेगळे असतात. ते रक्तात शोधायचं संशोधन सुरू आहे, पण रोजच्या उपचारात अजून त्याचा आधार घेत नाहीत.

मग पुढचं कशावर ठरतं?

गाठ किती मोठी, किती मिलिमीटर खोल, मानेतल्या किती गाठींत पोचली, गाठीचं आवरण फोडून बाहेर आली का, ऑपरेशनमध्ये कापलेली कड साफ आहे का. ऑपरेशननंतर येणाऱ्या पॅथॉलॉजीच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं. पुढे रेडिएशन द्यायचं का, सोबत केमो लागेल का, हे त्यावर ठरतं. सीबीसीपेक्षा हा कागद कितीतरी जास्त बोलतो. तो जपून ठेवा.

आणि उपचाराचा निर्णय माणसाचं पुढचं कसं बदलतो, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी काढल्या. दुसऱ्यात मानेत आजार दिसल्यावर काढल्या. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निकाल आले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. वेळेवर केलेल्या कामाने एवढा फरक पडला.

कागद हातात आला की

तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, आवाज बसलेलाच राहिला, मानेत गाठ लागली, तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत, यांतलं काहीही असेल तर आधी तोंड दाखवा. रक्ताचं पॅकेज घेऊ नका. दाताचे डॉक्टरही चालतील.

सीबीसीतला एखादा आकडा वर-खाली असेल तर भागाकार करत बसू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा : हा कशामुळे असेल, यावर काही करायचं आहे का, उपचार यामुळे बदलणार आहे का?

खर्चाची काळजी खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरचे उपचार येतात. रेशन कार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. जमीन विकायचा विचार त्यानंतर करा.

आणि तंबाखू, सुपारी उपचार सुरू व्हायच्या आधी बंद. 'आता झालाच आहे, मग सोडून काय' असं म्हणू नका. खाणं चालू ठेवलं तर आजार उलटायचा, तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या चाचांना घेऊन आम्ही सर्जनकडे गेलो होतो. त्यांनी सीबीसीवर नजर टाकली, मग रुग्णाचं तोंड उघडून मागची दाढ दाखवली. खाली पू होता. म्हणाले, या आकड्याचं मला एवढंच कळतं की आधी दाढ काढायला हवी. ऑपरेशन शक्य आहे, ते करू. दाढ निघाली, ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, तीस वेळा रेडिएशन झालं. योजनेत बराचसा खर्च निघाला, जमीन राहिली.

परवा नववीच्या पालक सभेला ते आले होते. गालावर व्रण आहे, बोलणं थोडं अडखळतं. पहिल्या बाकावर बसले. दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जातात आणि तिथे डॉक्टर आधी तोंडात बघतात. सभा संपल्यावर त्यांनी गॅरेजमधल्या दोन पोरांना आमच्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "सर, इनके भी मुँह देख लो जरा." आम्ही बॅटरी मागवली. एकाच्या गालात पांढरा चट्टा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं.